निकालाआधी प्रश्न शोध

पोरी, तू बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलंस आणि यंदा संविधानाचा पेपर आला, तेव्हापासून तुझ्या टेबलावर ते गाईड पाहतोय. त्यात प्रत्येक खटल्याला दोन ओळी दिल्या आहेत: नाव, साल आणि 'न्यायालयाने असा निर्णय दिला की'. तेवढ्या पाठ केल्यास तर पास होशील. पण खटला वाचता येणं वेगळं. मी राहाता-कोपरगावच्या कोर्टांत उभी हयात घालवली. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सीनियर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, ती आता तुझ्या कानात घालतो. निकाल शेवटी वाचायचा. न्यायालयापुढं प्रश्न नेमका काय होता, तो आधी आपल्या शब्दांत लिहून काढायचा. प्रश्न लिहिता आला नाही, तर निकाल कळलाच नाही असं समजायचं.

हे कसं करायचं ते परक्या मुलखातल्या खटल्यावर शिकू नकोस. आपल्याच मातीतला घे. खंडकरी हा शब्द तुला शाळेपासून ठाऊक आहे. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी या भागात आलं, मागोमाग खासगी साखर कंपन्या आल्या आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. हजारो एकरांचे सलग मळे झाले. पुढं 1961 मध्ये महाराष्ट्रानं शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला, ज्याला आपण सगळे सीलिंगचा कायदा म्हणतो. कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या. मळे मोडू नयेत, कारखान्यांना ऊस मिळत राहावा म्हणून 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ उभं राहिलं. मूळ मालक शेतकरी, म्हणजे खंडकरी, मात्र आपली जमीन परत मागत राहिला. त्या मागणीत कितीतरी माणसं म्हातारी होऊन गेली. 2012 नंतर कुठं जमिनी परत मिळायला सुरुवात झाली.

आता यातला संविधानाचा भाग बघ. साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीचे कारखाने ज्या कंपनीचे, ती गोदावरी शुगर मिल्स या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 'गोदावरी शुगर मिल्स लिमिटेड विरुद्ध एस. बी. कांबळे', साल 1975. हा निकाल वाचायला घेतलास की पहिला मोह होईल तो शेवटच्या पानावर जाऊन कोण जिंकलं ते बघण्याचा. तो आवर. मीही इथं सांगत नाही.

त्याऐवजी संविधान उघड. मराठी प्रत घरात आहे, तीच घे. अनुच्छेद 31क काढ आणि सावकाश वाच. मग 31ख. मग नवव्या अनुसूचीत जा आणि 34 वी नोंद शोध. तिथं आपला 1961 चा कायदा नावानिशी लिहिलेला सापडेल. तो तिथं आला 1964 च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं. याच दुरुस्तीनं 31क मधल्या 'संपदा' या संज्ञेत रयतवारीची जमीनही आणली. आपल्याकडची जमीन रयतवारीची, म्हणून ही दुरुस्ती आपल्याला इतकी लागू. आता प्रश्न आपोआप पुढं येतो. कायदा 1964 ला अनुसूचीत गेला, त्याला 31ख चं कवच मिळालं. पण विधिमंडळानं त्याच कायद्यात नंतर दुरुस्त्या केल्या, नवी पोटकलमं घातली. त्या नव्या कलमांनाही तेच कवच मिळतं का? की त्यांना स्वतःच्या पायावर, म्हणजे 31क च्या आधारे उभं राहावं लागतं?

हा प्रश्न वहीत लिहिलास की निकालपत्राची पानं वेगळीच वाटायला लागतात. प्रत्येक परिच्छेद या प्रश्नाकडं सरकतोय की बाजूला जातोय, हे तुला दिसायला लागेल. न्यायालयानं यावर स्पष्ट सांगितलंय की अनुसूचीतल्या कायद्याला मिळालेलं 31ख चं संरक्षण नंतरच्या दुरुस्तीला आपोआप मिळत नाही, ती दुरुस्ती स्वतंत्रपणे अनुसूचीत घालावी लागते. हे एक वाक्य समजायला आधी दोन अनुच्छेद, एक अनुसूची आणि एक घटनादुरुस्ती बघावी लागली ना? गाईडमध्ये ते काहीच नसतं, म्हणून ते वाक्य पाठ होतं आणि पेपर झाला की विसरतं.

इथंच थांबू नकोस. एका कायद्याचा माग काढ, खटला सुटा वाचू नकोस. याच सीलिंगच्या कायद्यातल्या 'कुटुंब एकक' या कल्पनेवर 1977 मध्ये 'दत्तात्रय गोविंद महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल आला. मग 1980 चा 'वामनराव विरुद्ध भारत सरकार'. तोही याच कायद्यावरून उठलेला. त्यात न्यायालयानं 24 एप्रिल 1973 ही रेघ आखली. त्या तारखेच्या आधी नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित, त्या दिवशी किंवा त्यानंतर घातलेल्यांना संविधानाच्या मूलभूत चौकटीची कसोटी लागणार. 24 एप्रिल 1973 हीच तारीख का, तर त्या दिवशी केशवानंद भारतीचा निकाल लागला होता. आणि 11 जानेवारी 2007 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आय. आर. कोएल्हो खटल्यात ती कसोटी आणखी धारदार केली. आता मला सांग, मूलभूत चौकट हा विषय तुला केशवानंद भारतींच्या केरळमधल्या मठापासून शिकवला जातो. पण तो आपल्या शिवारातल्या उसाच्या मळ्यापासूनही शिकता येतो, आणि तसा शिकलेला माणूस तो कधी विसरत नाही. मास्तरांना विचारून सेमिनारला हाच विषय घे.

केशवानंद भारतीचा निकाल पूर्ण वाचायचा हट्ट पदवीच्या वर्षांत धरू नकोस. 13 न्यायाधीश, 68 दिवस सुनावणी, 11 वेगवेगळी निकालपत्रं, शेकडो पानं. मोठमोठे वकील त्यात वाट चुकलेत. तू असं कर. आधी सात विरुद्ध सहा ही विभागणी कोणकोणत्या नावांची, ते एका पानावर लिही. मग न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्रातले शेवटचे निष्कर्ष वाच, कारण सातांत त्यांचं मत निर्णायक ठरलं. त्यानंतर नऊ न्यायाधीशांनी सही केलेला बहुमताचा गोषवारा वाच. मग अल्पमतातलं एक निकालपत्र तरी उघड. मी तर म्हणेन न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांचं उघड.

त्यांचं का, ते सांगतो. हा माझ्या आवडीचा अभ्यास आहे. कायद्याचा माग काढतात तसा एखाद्या न्यायाधीशाचाही माग काढावा. चंद्रचूड आपल्या पुण्याचे. 1973 ला केशवानंद खटल्यात ते अल्पमतात होते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा आहे, हे त्यांना तेव्हा मान्य नव्हतं. दोन वर्षांनी इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण खटल्यात हेच न्यायमूर्ती त्या बहुमताचं तत्त्व बंधनकारक मानून वापरतात. 1980 मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्सचं बहुमताचं निकालपत्र लिहितात आणि तेच तत्त्व भक्कम करतात. वामनरावमधली 24 एप्रिलची रेघही त्यांचीच. स्वतःचं मत हरल्यावर न्यायाधीश काय करतो, पूर्वनिर्णयाचं बंधन म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून कळत नाही. या निकालांतून कळतं.

आणि याच माणसाचं दुसरं टोकही वाच. 28 एप्रिल 1976, आणीबाणी, ए.डी.एम. जबलपूर. स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही म्हणणाऱ्या चार न्यायाधीशांत ते होते. एकटे खन्ना विरोधात गेले. तो निकाल 24 ऑगस्ट 2017 ला, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात, स्पष्ट शब्दांत पुसला गेला. पुसणाऱ्या निकालपत्रांतलं मुख्य निकालपत्र त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेलं. म्हणून तुला म्हणतो, असहमतीचं निकालपत्र 'हरलेलं' म्हणून सोडून देऊ नकोस. खन्नांची असहमती आज कायदा आहे. आणि कोणताही खटला उत्तरात लिहिण्याआधी तो आज जिवंत आहे का, हे तपासल्याशिवाय लेखणी उचलू नकोस. 1967 चा गोलकनाथ आजही चालू असल्यासारखा लिहिणारी मुलं दरवर्षी असतात.

आता तत्त्व आणि निकाल यांतला फरक. कोण जिंकलं आणि काय ठरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1985 चा ओल्गा टेलिस खटला घे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा. न्यायालयानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. अनुच्छेद 21 चं दार त्या वाक्यानं केवढं उघडलं! पण शेवटचा आदेश बघशील तर झोपड्या काढायला परवानगी आहे, फक्त पावसाळा सरेपर्यंत, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत हात लावायचा नाही, आणि काही अटी पाळायच्या. तत्त्व मिळालं, छप्पर गेलं. उत्तरपत्रिकेत 'न्यायालयाने झोपडपट्टीवासीयांच्या बाजूने निकाल दिला' असं लिहिणाऱ्यानं शेवटचं पान वाचलेलं नसतं, आणि ज्यांची घरं गेली त्यांचाही त्यानं विचार केलेला नसतो. मला हे दुसरं जास्त लागतं.

शेवटच्या आदेशातलं क्रियापद नीट बघायची सवय लाव. रद्द केलं, कायम ठेवलं, फेरविचारासाठी परत पाठवलं, की कलमाचा अर्थ मर्यादित केला? 4 मार्च 2021 चा विकास किशनराव गवळी खटला आठव. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांमधल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा. लोक म्हणतात, न्यायालयानं आरक्षण रद्द केलं. निकालपत्र उघड. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्याचं ते कलम न्यायालयानं ठेवलंय, पण सरसकट 27 टक्के असा त्याचा अर्थ घ्यायचा नाही, 'जास्तीत जास्त 27 टक्क्यांपर्यंत' असा घ्यायचा, आणि तोही तीन अटी पुऱ्या झाल्यावर: स्वतंत्र आयोगाचा अभ्यास, प्रत्येक संस्थेपुरतं वेगळं प्रमाण, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग मिळून एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत. आपल्या गावागावांत निवडणुकीच्या वेळी पारावर याबद्दल किती वाद झाले. ज्यानं आदेशाची ती ओळ वाचली होती, त्याचं बोलणं लगेच वेगळं ओळखू यायचं.

छोटे आदेशही वाचत जा. आपल्याच जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर घे. तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता समानतेच्या हक्कावर मोठं भाष्य येणार. 1 एप्रिल 2016 च्या आदेशात उच्च न्यायालयानं मुख्य भर दिला तो 1956 च्या महाराष्ट्राच्या एका साध्या कायद्यावर, हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतल्या प्रवेशाच्या कायद्यावर. तो कायदा साठ वर्षं पुस्तकात होताच. त्याची अंमलबजावणी करू, असं सरकारनं सांगितलं, ते नोंदवून याचिका निकाली काढली. आठवडाभरात, 8 एप्रिलला गुढीपाडव्याच्या दिवशी, बायका चौथऱ्यावर गेल्या. यातून शिकायचं ते हे की, हाताशी साधा कायदा असेल तर न्यायालय संविधानाच्या मोठ्या प्रश्नाला हात घालेलच असं नाही. म्हणून प्रत्येक खटल्यात विचार: संविधानाशिवाय दुसरा कायदा होता का? आणि हेही विचार की तो इतकी वर्षं कुणी वापरला का नाही.

निकाल चुकीचा आहे असं म्हणायला घाबरू नकोस, फक्त कारण देऊन म्हण. 1978 चा 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल तुला वर्गात पीडित मुलीच्या नावानं शिकवतील. तू पक्षकारांच्याच नावानं लिहीत जा. पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या मुलीच्या संमतीबद्दल न्यायालयानं कुठं कसं चुकीचं गृहीत धरलं, हे त्यांनी मुद्देसूद मांडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला फौजदारी कायदाच बदलला. ते पत्र मिळवून वाच. निकालावर टीका करताना आवाज न चढवता कारण कसं द्यायचं, याचा त्याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

साधनांचं थोडक्यात सांगतो. आमच्या वेळी नागपूरच्या चितळ्यांचे ए.आय.आर.चे लाल-काळे खंड बार रूममध्ये असायचे, त्यांच्यासाठी रांग लावावी लागायची. आता तुझ्या मोबाईलवर सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर फुकट आहे, आणि पुष्कळ निकालांचे मराठी अनुवादही तिथं आहेत. अनुवादानं सुरुवात कर, लाज वाटू देऊ नकोस. पण उत्तरात वाक्य उचलायचं असेल तर इंग्रजी मुळाशी ताडून बघ. निकालाच्या माथ्यावर बारीक अक्षरात जो सारांश असतो, तो न्यायाधीशाचा नसतो, तो संपादकाचा. त्यावरून रस्ता शोध, पण दाखला त्यातून देऊ नकोस. आणि एखादा अनुच्छेद अडला तर संविधान सभेतली चर्चा काढ. बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 ला अनुच्छेद 32 बद्दल जे सांगितलं ते एकदा मुळातून वाचलंस, की रिट म्हणजे काय हे पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

वही कशी ठेवायची? फुलस्केप घे. एका खटल्याला एकच पान. वर नाव, साल, पीठ किती जणांचं, निकालपत्र कुणी लिहिलं. मग वस्तुस्थिती, तीही आजीला सांगितली तर तिला कळेल अशा चार ओळींत. मग प्रश्न. मग उत्तर आणि त्याचं कारण. निकालाला आवश्यक असलेलं कारण एका शाईत आणि ओघात आलेली मतं दुसऱ्या शाईत लिही, कारण पुढच्या न्यायालयावर बंधन असतं ते पहिल्याचं. खाली असहमती. आणि पानाचा खालचा चौथा भाग कोरा सोड. तिथं 'पुढे काय झालं' लिहायचं. ती जागा वर्षानुवर्षं भरत राहते. पेपरात वीस खटल्यांची नावं पेरण्यापेक्षा तीन खटले प्रश्नासकट मांड. तपासणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत कळतं की या मुलीनं मूळ वाचलंय.

आणि सुट्टीत एक दिवस राहात्याच्या कोर्टात जाऊन बस. न्यायालय खुलं असतं, कुणी अडवत नाही. मोबाईल बंद कर, मागच्या बाकावर बस. संविधानाचा शब्दही दिवसभर ऐकू येणार नाही. बांधाचे दावे, वाटपाचे दावे, चेक न वटल्याच्या तक्रारी, पोटगीचे अर्ज. पुकारा झाला की म्हातारा पक्षकार टोपी काढून उभा राहतो, वकील तारीख मागतो, समोरचा हरकत घेतो. पण नीट बघ. साक्षीदार पिंजऱ्यात चढतो, सातबारा पुढं येतो, त्याला निशाणी क्रमांक पडतो. त्या क्षणी तो कागद पुरावा झाला. दिल्लीतल्या निकालपत्रात तू 'वस्तुस्थिती अशी की' म्हणून जे वाचतेस, ते पुष्कळदा अशाच एका खोलीत, अशाच उलटतपासणीत घडलेलं असतं. इथं जे नोंदलं गेलं नाही, ते वर संभाजीनगरच्या खंडपीठात किंवा दिल्लीत नव्यानं आणणं फार अवघड. माणसाचं म्हणणं खाली नीट नोंदलं गेलं पाहिजे, ही काळजी मला शेवटच्या दिवसापर्यंत असायची.

सकाळी अकराच्या आत पोच. बाहेर लावलेला बोर्ड आधी वाच आणि त्यातला एकच दावा निवड, ज्यात त्या दिवशी पुरावा चालणार आहे. वकिलांना जेवणाच्या सुट्टीत विचारलंस तर प्रकरण काय ते सांगतील, शिकणाऱ्या पोरांना कुणी नाही म्हणत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्या दाव्याचंही एक पान लिही, अगदी केशवानंदचं लिहिलंस तसंच. निकालाची जागा कोरी राहू दे. पुढची तारीख तेवढी टिपून ठेव आणि त्या तारखेला पुन्हा जा.